मुनीम कोणत्या हाताचा?

जुना आहे, विरलेला आहे, पोटावर चार ठिगळं आहेत. पण मित्रांनो, मला पोतेरं समजू नका. मी पडदा आहे, फिरत्या टॉकीजचा पडदा. सध्या मला एका गोदामात कापसाच्या गंजीवर झाकण म्हणून टाकलं आहे आणि उंदरांनी माझ्या एका कोपऱ्यात संसार मांडला आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. कापसातून आलो, कापसावर येऊन पडलो. माझी तक्रार निराळी आहे, आणि ती ऐकून घ्यायला इतक्या वर्षांत कोणी भेटलं नाही म्हणून तुम्हाला धरून बसवतो आहे. तेवढं ऐका आणि मग जा.

माझा जन्म छप्पन सालचा. यवतमाळच्या एका शिंप्यानं मांजरपाटाचे सहा पट्टे जोडून मला शिवलं आणि काठाला दोरी ओवायला पितळी कड्या लावल्या. मालक वामनराव मला घ्यायला आले तेव्हा त्यांनी मला उन्हात धरून आरपार पाहिलं आणि शिंप्याला शाबासकी दिली. वामनराव मनानं वाईट नव्हते. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं ते तुम्हाला वाईट वाटतील. वाईट माणसानं केलेलं वाईट सोसायला सोपं असतं हो. चांगल्या माणसानं केलेलं जन्मभर टोचतं.

आमचा तंबू पावसाळा सोडला तर आठ महिने फिरता असे. कधी बाभुळगाव, कधी थेट वणी. पण मुख्य मुक्काम फुलसावंगीचा. तिथले बडे व्यापारी बबनराव आम्हाला तंबूसाठी जागा देत, म्हणून वामनराव त्यांच्या शब्दाबाहेर जात नसत. तंबूत मला भिंतीला लावत नसत बरं का. मला टांगायचे अगदी मधोमध. माझ्या पुढं पुरुषमंडळी खुर्च्यांवर, बाकांवर. माझ्या मागं बायका आणि बंजाऱ्यांच्या तांड्यावरची गरीब माणसं, निम्म्या तिकिटात, जमिनीवर. खेळाआधी माझ्यावर पाण्याचे हबके मारत, म्हणजे प्रकाश माझ्यातून पलीकडं जाई आणि मागच्यांनाही चित्र दिसे. एका पडद्यावर दोन बाजूंची गर्दी! वामनराव या युक्तीवर भलते खूश असत.

आता यातली गोम सांगतो. कागदावर चित्र काढा आणि तोच कागद मागून उजेडात धरून पाहा. जे उजवीकडं होतं ते डावीकडं गेलेलं दिसेल. माझंही तसंच. समोरच्याला नायक उजव्या हातानं जेवताना दिसे, मागच्याला तोच डाव्या हातानं जेवताना दिसे. सुरुवातीची नावं मागून उलटी उमटत; पण मागं बसणाऱ्यांत कोणालाच अक्षरओळख नव्हती, तेव्हा त्यांना सुलटी काय आणि उलटी काय. सिनेमातली मोठी माणसं डाव्या हातानं जेवतात, अशी मागच्या बायकांची पक्की समजूत झाली होती. शहरातल्यांची रीत, असं म्हणून त्या नाक मुरडत आणि पुढं पाहत. पुढचा कोणी कधी मागं येऊन बसला नाही, मागची कोणी पुढं गेली नाही. खरं काय ते तिघांनाच ठाऊक होतं. मला, मशीनवाल्याला आणि वामनरावांना.

आणि मागं बसत असे रुपीबाई.

रुपीबाई तांड्यावरची. तिचा नवरा बाबूसिंग बैलगाडीवाला. त्याच्या बापजाद्यांनी बैलांच्या पाठीवरून मुलुखभर मीठ वाहिलं, आणि बाबूसिंग वाहत होता आमचा तंबू, मशीन आणि मला. खेळ चालू असताना तो बाहेर बैलांपाशी झोपलेला असे. सिनेमात त्याला गम्य नव्हतं. रुपीबाईला मात्र वेड होतं. वाऱ्यावावटळीत मी फाटलो की तीच मला शिवायची आणि त्या बदल्यात फुकट बसायची. काय तिचा टाका! बंजारा बायकांच्या कांचोळीवर आरसे जडवणारा हात तो. ठिगळ लावलं तर माझं मलाही सापडू नये. शिवता शिवता ती माझ्याशी बोलायची, कालचा सिनेमा कुठं फसला ते सांगायची. मला आयुष्यात एवढा मान दुसऱ्या कोणी दिला नाही.

आमच्याकडं मशीन एकच होतं. दर दहा-बारा मिनिटांनी रीळ संपे, गॅसबत्ती पेटे, आणि दुसरं रीळ चढेपर्यंत तंबूत मतांचा बाजार भरे. या बाजाराचे दोन शेठ होते. पुढून घनश्याम हॉटेलवाला आणि मागून रुपीबाई. घनश्याम यवतमाळला जाऊन सिनेमे आधीच पाहून येई आणि पुढं काय होणार ते सांगून लोकांची मजा घालवी. त्याला फायटिंग आवडे. ज्यात मारामारी नाही तो सिनेमा त्याच्या लेखी कीर्तन. रुपीबाईचं पाहणं वेगळं. जात्यावर रडणारी नायिका पाहून सगळा तंबू मुसमुसत होता, तेव्हा माझ्या मागून तिचा खणखणीत आवाज आला होता, की हिनं जन्मात दळलं नाही, खुंटा कसा धरला पाहा, हिला पीठ नव्हे पगार मिळतो. एकदा गाडीवर बसून नायक गाणं म्हणत होता, तर ही म्हणाली, बैलांना वेसण नाही आणि हा तोंड वर करून गातो, आता बैल खड्ड्यात नेतील तेव्हा कळेल. पुढची पुरुषमंडळीसुद्धा खो खो हसली. घनश्याम हसला नाही.

दुसऱ्या दिवशी ती तांड्यावर सगळा सिनेमा सांगे. तिनं चांगला म्हटला तर तांडा लोटे, तिनं तोंड वाकडं केलं तर मागची जागा ओस पडे. नुसत्या सिनेमाचंच कशाला, तांड्यावर दोघी भांडल्या तर रुपीनं काय पाहिलं ते विचारत, आणि तिनं सांगितलं की भांडण मिटे. तिच्या डोळ्यांवर लोकांचा विश्वास होता. हा विश्वास हीच तिची दौलत. ती कशी गेली, ते आता सांगतो.

अठ्ठावन्न सालच्या हिवाळ्यात एक खुनाचा सिनेमा आला. गोष्ट सोपी होती. थोरल्या भावाचा खून होतो आणि धाकट्यावर आळ येतो. शेवटी वकील जखम पाहून सांगतो की खुनी डावखुरा आहे. मग भर कोर्टात म्हाताऱ्या मुनिमाला सही करायला लावतात, तो डाव्या हातानं करतो आणि पकडला जातो. धाकटा सुटतो, मुनीम फासावर. पुढं नुसत्या शिट्ट्या!

आणि मागं? मागं सगळ्या गप्प. तुमच्या ध्यानात आलं ना? मागून पाहिलं तर त्या सिनेमात सगळेच डावखुरे. धाकटा डावखुरा, वकील डावखुरा, आईसुद्धा डाव्या हातानं घास भरवते. उजव्या हाताचा एकच माणूस, तो मुनीम!

गॅसबत्ती पेटली तशी रुपीबाई उभी राहिली.

"हा कोनता न्याय म्हनावा?" ती म्हणाली. "खुनी डाव्या हाताचा, असं तुमचा वकीलच सांगते. साऱ्या सिनेमात एकटा मुनीम उजव्या हाताचा, अन् फाशी त्यालेच?"

मग घनश्यामनं मांडीवर थाप मारली आणि असा हसला की खुर्ची मोडायची बाकी राहिली. त्यानं पुन्हा पुन्हा विचारलं, मुनीम कोणत्या हाताचा, रुपीबाई? ती पुन्हा पुन्हा सांगे, उजव्या. दरवेळी हशा मोठा होई. मागच्या बायका म्हणू लागल्या की आम्हीही तसंच पाहिलं, तर त्यांचे नवरे पुढून ओरडले, घरी चाल मग दाखवतो डावं-उजवं. बायका एकेक करून खाली बसल्या. रुपीबाई एकटी उभी राहिली. तिनं वामनरावांना हाक मारली.

"मालक, तुमी सांगा. तुमचा सिनेमा हाये. मी खोटं बोलून राह्यली का?"

वामनराव माझ्या शेजारी, बांबूला हात लावून उभे होते. मला अगदी वाटलं, आता हे सांगतील. एका वाक्याचं काम होतं हो. बाई खोटी नाही, मागून उलटंच दिसतं. पण मागून उलटं दिसतं हे एकदा फुटलं, की मागं बसणार कोण? वामनराव पुढच्या गर्दीकडं वळले आणि तेही हसले. अगदी बारीक हसले. पण गॅसबत्तीच्या उजेडात ते सगळ्यांना दिसलं.

मी काय करणार? माझ्या दोन्ही अंगांवर तोच मुनीम उमटला होता. एकीकडं डाव्या हाताचा, एकीकडं उजव्या. दोन्ही बाजू खऱ्या बोलत होत्या आणि मी मधे काठीवरच्या बोंबलासारखा ताठ टांगलेलो. त्या दिवशी मला माझ्या कापडाच्या जन्माचा पहिल्यांदा संताप आला.

त्या दिवसापासून रुपीबाईचं नाव पडलं उलटी रुपी. बाजारात भाजी घेताना कोणी म्हणे, रुपीबाई, वांगी डाव्या टोपलीत आहेत की उजव्या? तांड्यावरची पोरं तिच्यासमोर डाव्या हातानं रामराम करत. ती अजून सिनेमाला येई, अजून मला शिवत असे. पण गॅसबत्ती पेटली की गप्प बसे. शिवताना एकदा तिनं सुई थांबवली आणि आपला उजवा हात वर करून नुसती पाहत राहिली. मला ते आवडलं नाही.

पुढं उन्हाळ्यात आमचा मुक्काम हलला. झुंजूमुंजू झालं तसा बाबूसिंगनं गाडीत तंबू भरला, वर मला गुंडाळून ठेवलं, आणि आम्ही महागावच्या रस्त्याला लागलो. रुपीबाई माझ्यावर रेलून बसली होती. गाडी आपल्या डाव्या कडेनं, चाक मातीत टेकवून चालली होती. हे मी पाहिलेलं आहे. माझं एक टोक बाहेर लोंबत होतं आणि कडेच्या तरोट्याच्या झुडपांना घासत होतं. समोरून बबनरावांचा कापसाचा ट्रक आला तो आमच्याच अंगावर. ड्रायव्हर डुलकी घेत असावा. धडक बसली आणि गाडी फरफटत रस्त्याच्या दुसऱ्या कडेला जाऊन उलटली. एक बैल जागच्या जागी मेला. बाबूसिंगचा पाय गुडघ्याखाली चेचला. माझ्या पोटाला पडलेलं मोठं भगदाड तेव्हाचंच.

पोलिसात कशाला जायचं, आपण आपसात मिटवू, असं बबनराव म्हणाले. आठ दिवसांनी आमच्याच तंबूत दिवसाउजेडी चार मोठी माणसं बसली. त्यांत बबनराव होते, वामनराव होते, आणि गावाचा जाणता म्हणून घनश्यामही होता. बाबूसिंगला खाटेवर घालून आणलं होतं. मागणं एवढंच होतं. ट्रकवाल्याची चूक असेल तर बैलाच्या जागी बैल द्यावा आणि बाबूसिंगचा पाय बरा होईपर्यंत गाडीचं काम त्याच्याच नावावर ठेवावं. ड्रायव्हर म्हणाला, गाडीच उलट्या बाजूनं येत होती, गाडीवान झोपला होता; आणि पाहा ना, गाडी सापडली ती दुसऱ्या कडेला! बाबूसिंगला धडकेनंतरचं काही आठवत नव्हतं आणि त्याच्या आधीचं तापाच्या ग्लानीत तो धड सांगू शकत नव्हता. राहिली साक्षीदार एकच.

रुपीबाई उभी राहिली. तिची मोठी मुलगी हंसाबाई पाठीशी होती. रुपीबाईनं नीट सुरुवात केली. ट्रक आमच्या बाजूनं आला, म्हणाली. चाक मातीत होतं, कडेला तरोटा होता. बबनरावांनी विचारलं, बाजू म्हणजे कोणती? डावी की उजवी ते सांग.

तिनं तोंड उघडलं, आणि तेवढ्यात घनश्याम सहज बोलावं तसा बोलला.

"रुपीबाई, आधी हे सांगा. मुनीम कोनत्या हाताचा होता?"

हशा झाला. चार माणसांचाच, पण झाला. रुपीबाईनं उजवीकडं पाहिलं, डावीकडं पाहिलं. मग तिनं दोन्ही हात पुढं धरले आणि त्यांच्याकडं अनोळखी वस्तूंकडं पाहावं तशी पाहू लागली. मित्रांनो, तिचा डावा हात वर आला होता. बरोबर हात वर आला होता! तिच्या अंगाला ठाऊक होतं. पण हशा ऐकून तो हात अर्ध्यावर थांबला आणि खाली गेला. तिनं वामनरावांकडं पाहिलं. वामनराव बबनरावांच्या जोड्यांकडं पाहत होते.

"मले नाई माईत," ती म्हणाली.

हंसाबाई ओरडली, याडी, अगं आई, तू मला सांगितलं होतंस ना! पण रुपीबाई खाली बसली होती. पंचांनी मान डोलावली. गाडीवान झोपला होता असं ठरलं. बैल मिळाला नाही. गाडीचं काम दुसऱ्याला गेलं. बाबूसिंगचा पाय पुढं कुजला आणि तीन वर्षांत तोही गेला. गेला तो झोपाळू गाडीवान हे नाव घेऊन. ज्यानं उभ्या जन्मात कासऱ्यावर हात ठेवून डोळा मिटला नाही, तो.

माझं भगदाड बाजारातल्या शिंप्यानं शिवलं. टाके बोटभर लांब. चित्रातल्या प्रत्येक नायिकेच्या गालावर वण दिसायचा. रुपीबाई पुन्हा आली नाही.

दिवस गेले. तांड्यावर रुपीबाईच्या तोंडून सिनेमाच्या गोष्टी येईनाशा झाल्या, तशी मागची गर्दीही आटली. पासष्ट साली वामनरावांनी मागची जागा बंद केली आणि तंबूत मधे दोरी बांधून बायकांना पुढंच एका अंगाला बसवू लागले. आणि त्याच साली तो खुनाचा सिनेमा परत आला. जुने सिनेमे फिरून येतातच. माणसं येत नाहीत.

हंसाबाई आली होती. आता तिला दोन लेकरं होती. मुनिमानं सही केली आणि ती ताडकन उभी राहिली. दोरीखालून वाकून निघाली ती सरळ माझ्या मागं. तिथं आता तण माजलं होतं. तिथं उभी राहून तिनं पुढचं सगळं रीळ पाहिलं. फासावर जाताना मुनिमानं हात जोडण्याआधी डोळे पुसले. पुढं तो डाव्या हातानं पुसत होता. तिच्या बाजूला उजव्या. तिनं तळवा माझ्यावर टेकवला, अगदी तिच्या आईनं लावलेल्या ठिगळावर. ती रडत होती.

गॅसबत्ती पेटली तशी तिनं वामनरावांना गाठलं. ते नेहमीच्या जागी, बांबूपाशी होते. केस पिकले होते.

"मालक, तुमाले माईत होतं?"

वामनरावांनी नाही म्हटलं नाही. तेवढा प्रामाणिकपणा त्यांच्यात शिल्लक होता. म्हणाले, धंदा होता बाई. तेव्हा सांगितलं असतं तर मागं बसलं कोण असतं? मग म्हणाले, तुझ्या आईला घेऊन ये. मी तिला हात जोडून सांगतो.

हंसाबाईनं नकारार्थी मान हलवली. मग म्हणाली की आईला सांगून आता उपयोग नाही. भाजीत मीठ टाकलं का विचारलं तरी ती म्हणते, मले नाई माईत. दार उघडं आहे का, नाई माईत. माझा बाप गाडीवर झोपला होता का, मले नाई माईत.

"तिले नका सांगू," हंसाबाई म्हणाली. "त्या दिवशी जे हासले, त्याइले सांगा. समोर बसून हायेत. आत्ता सांगा."

समोर खरंच घनश्याम बसला होता. पहिल्या रांगेत, पायावर पाय टाकून, शेजाऱ्याला शेवट समजावून सांगत. बबनरावांचा मुलगा त्याच्याजवळच होता. वामनराव माझ्यापुढं आले. घसा खाकरला. सगळा तंबू गप्प झाला, कारण मालक कधी पुढं येत नसत. माझा प्रत्येक धागा ताणला गेला. सात वर्षं मी या एका वाक्यासाठी टांगलेलो होतो.

वामनरावांनी घनश्यामकडं पाहिलं, बबनरावांच्या मुलाकडं पाहिलं. मग म्हणाले, "मंडळी, शुक्रवारपासून नवा खेळ लागतो आहे. फायटिंगचा."

टाळ्या पडल्या. सर्वांत आधी घनश्यामच्या. हंसाबाईनं लेकरांना उचललं आणि ती निघून गेली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं सांगून माझ्यासारखे म्हातारे गोष्ट संपवतात. मला जपू नका. मी कापड आहे, कापडाचं पोतेरं होतंच. पण कोणी तुमच्यापेक्षा वेगळं पाहिलं असं म्हणालं, तर हसण्याआधी उठा आणि ते माणूस जिथं बसलं होतं तिथं एकदा बसून या. फुलसावंगीच्या तंबूत ते अंतर वीस पावलांचं होतं. सात वर्षांत ते चालली एकटी हंसाबाई.

आणि ज्याला खरं ठाऊक असेल त्यानं ते वेळेवर बोलावं. मी नाही बोललो, कारण मला तोंड नव्हतं. वामनरावांना होतं.